भोर-वेल्हे भागातील विंधन विहिरींचे जलभंजन : यंत्रचालकाच्या कामाचा विचार

विहीर पाडणे आणि विहीर चालती ठेवणे ही दोन निरनिराळी कामे होत. खनिज तेलाच्या उद्योगात हा भेद फार पूर्वीच रूढ झाला. वेधन करणारा संच आपले काम आटोपून पुढच्या जागी जातो. त्यानंतर विहिरीच्या नळीमागे सिमेंट भरणे, तळाशी साचलेला गाळ काढणे, चुनखडकात आम्ल सोडून वाटा रुंद करणे, दाबाखाली द्रव लोटून खडक फोडणे ही कामे निराळी पथके करतात. या पथकांतील पंप, झडपा व दाबमापक सांभाळणाऱ्या यंत्रचालकाच्या हातून विहिरीचे पुढचे सारे आयुष्य जाते, असे म्हणण्यास हरकत नाही. महाराष्ट्राचा या व्यवसायाशी संबंध आला तो मुख्यतः समुद्रावर. १९७४ साली मुंबई हायचा शोध लागला, १९७६ साली तेथून उत्पादन सुरू झाले आणि उरणचा किनारा या उद्योगाचे एक ठाणे बनला.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके तेलाच्या नकाशावर नाहीत. (वेल्ह्याचे 'राजगड' असे नामांतर करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली, येथे अभ्यासकांच्या परिचयाचे जुने नाव ठेवले आहे.) सह्याद्रीच्या याच रांगेत दक्षिणेस, कोयना भागात, २०१७ साली ३ किलोमीटर खोलीचे एक संशोधन-वेधन पुरे झाले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर एकदम ग्रॅनाइट व नाइस यांचा जुना पाया लागला. तेलाला जन्म देणारे गाळाचे खडक मध्ये नव्हतेच. बेसाल्टात तेल राहूच शकत नाही असे मात्र नव्हे. गुजरातेत बडोद्याजवळ पाद्रा येथे याच दख्खनी लाव्ह्याच्या भेगांतून तेल काढले जाते. परंतु ते तेथे शेजारच्या गाळथरांतून शिरलेले आहे. भोर-वेल्ह्याच्या भेगांत शिरण्यासारखे एकच द्रव्य आहे, ते म्हणजे पावसाचे पाणी. आणि ते बाहेर काढण्यासाठी उभ्या राहणाऱ्या गाडीवर तेलक्षेत्रातून आलेलेच तंत्र चालते.

हे तंत्र म्हणजे जलभंजन. त्याचा उगम १९४७ सालचा आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात स्टॅनोलिंड या कंपनीने दाट केलेले सुमारे १००० गॅलन पेट्रोल दाबाने एका विहिरीत लोटले. त्या विहिरीचे उत्पादन विशेष वाढले नाही. तथापि खडक फुटतो व तो कोठे फोडावा हे ठरविता येते, एवढे त्यातून कळले आणि १७ मार्च १९४९ रोजी हॅलिबर्टन कंपनीने ओक्लाहोमा व टेक्सस येथे व्यापारी तत्त्वावर पहिली दोन भंजने केली. १९५७ साली हबर्ट आणि विलिस यांनी दाखवून दिले की, फुटणारी भेग चालकाच्या इच्छेप्रमाणे पसरत नाही. ज्या दिशेने खडकावरील ताण सर्वांत कमी असेल, त्या दिशेशी काटकोन करून ती उघडते. तेलविहिरीच्या खोलीवर वरच्या खडकांचे ओझे फार मोठे असते. ३००० मीटरांवर ते चौरस सेंटिमीटरला ७०० किलोग्रॅमच्या घरात जाते. म्हणून तेथे भेगा बहुधा उभ्या उघडतात. उथळ विंधन विहिरीत परिस्थिती बरोबर उलट असते. वरचे ओझेच सर्वांत हलके ठरते आणि भेग आडवी उघडू पाहते. दख्खनच्या बेसाल्टाच्या दृष्टीने हा फरक अतिशय महत्त्वाचा आहे, कारण या खडकात पाण्याच्या मुख्य वाटाही पुष्कळशा आडव्याच आहेत.

भोरच्या पश्चिमेस हिर्डोशीकडून वरंध घाटाकडे अथवा वेल्ह्याहून केळदच्या बाजूस जाताना डोंगरउतारावर जे पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात, ते एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या प्रवाहांचे होत. प्रत्येक प्रवाहाचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. बहुतेक ठिकाणी ही छिद्रे पुढे झिओलाइट व तत्सम पांढऱ्या खनिजांनी भरून गेली. असा भरलेल्या छिद्रांचा खडक विहिरी खणणाऱ्यांच्या बोलीत मांजऱ्या म्हणून ओळखला जातो. त्याखाली घट्ट, काळा, अखंड पाषाण. दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातकट थर, म्हणजे गेरू. घट्ट पाषाणाच्या कणाकणांत पाणी मावत नाही. ते राहते वरच्या मुरमात, प्रवाहांच्या सांध्यांत आणि पाषाणातील चिरांत. लाल थर पाण्याला खाली जाऊ देत नाही, म्हणून कड्याच्या अंगावर त्याच्या पातळीला झरे फुटतात. गडकोटांच्या पोटातील पाण्याचे बरेचसे रहस्य यातच आहे.

या भागाच्या पश्चिम कडेला पाऊस उदंड पडतो. वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा-देवघर, आंबीवर पानशेत, मोशीवर वरसगाव अशी धरणे याच पाण्यावर उभी राहिली. परंतु धरणांचे पाणी खाली जाते आणि उतारावरच्या वाड्या वर राहतात. मुरूम व भेगा यांत साठलेले पाणीही तीव्र उतारामुळे दिवाळीपासूनच ओढ्यावाटे निथळू लागते. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. माघ-फाल्गुनात झरा आटला की वाडीला आधार उरतो तो हातपंपाचा. या परिसराच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्यात सोलापूर व जालना येथील कार्यशाळांत सुधारत गेलेल्या आणि १९७० नंतरच्या दशकात 'इंडिया मार्क २' या नावाने स्थिर झालेल्या हातपंपाचे स्थान फार मोठे आहे. हा पंप मिनिटास साधारण १२ लिटर पाणी देतो. विंधन विहिरीत खडकातून येणारी आवक त्याहून बरीच कमी पडली की पंप काही घागरींनंतर हवा ओढू लागतो आणि विहीर 'बंद' या सदरात जाते.

वेधन करणारी खासगी यंत्रे पुष्कळदा तामिळनाडूतून, विशेषतः तिरुचेंगोडे भागातून आलेली असतात. ती एका रात्रीत भोक पाडून निघून जातात. विहिरीची पुढची चिंता पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकावर आणि क्वचित भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जलभंजन पथकावर येते. सत्तरीच्या आरंभी स्थापन झालेल्या या यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे. तेलउद्योगात वेधन व सेवा यांत जी विभागणी आहे तीच ही. फरक इतकाच की तेथे सेवेचा खर्च तेलाच्या किमतीतून निघतो, येथे तो टंचाईच्या तरतुदीतून काढावा लागतो.

जलभंजनाच्या कामाचा क्रम असा. प्रथम हातपंपाचे डोके उतरवून ३-३ मीटर लांबीच्या नळ्या एकामागून एक वर घ्यावयाच्या. हे काम दिसते सोपे, पण गंजलेला जोड तुटून नळ्यांची माळ आत पडली तर विहीर कायमची जाते. म्हणून अनुभवी चालक या वेळी घाई करीत नाही. मग खोली मोजावयाची, हवेच्या दाबाने गाळ बाहेर फेकावयाचा आणि आवक मोजून नोंदवावयाची. त्यानंतर पोकळ दांड्यांच्या टोकाला रबरी डाट लावून ती विहिरीत सोडतात. यंत्रचालक तिला पॅकर म्हणतात. नेमलेल्या खोलीवर डाट फुगविली की ती भोकाच्या भिंतीला घट्ट बसते आणि खालचा भाग बंद कुपीसारखा होतो. आता दांड्यांतून पाणी लोटावयाचे. दाब चौरस सेंटिमीटरला ५० पासून १५० किलोग्रॅमपर्यंत नेण्याची तयारी ठेवावी लागते. काही मिनिटांनी डाट सैल करून दुसऱ्या खोलीवर न्यावयाची व हाच क्रम पुन्हा करावयाचा.

डाट कोठे बसवावी हा पहिला निर्णय आणि तोच सर्वांत जोखमीचा. केसिंग नळीच्या तोंडाशी वा मुरमात ती बसविली तर दाब वर फुटतो, नळीचा बूड हलतो आणि गोठ्याचे, नाल्याचे उथळ पाणी पिण्याच्या विहिरीत उतरण्यास वाट मिळते. म्हणून डाट घट्ट पाषाणातच हवी, आणि ज्या सांध्यावर भंजन करावयाचे तो तिच्या खाली हवा. सांधा कोठे आहे हे वेधनाच्या वेळी निघालेल्या चुऱ्यावरून कळते. काळ्या चुऱ्यानंतर लाल अथवा पांढरे ठिपके असलेला चुरा येऊ लागला, ती खोली मोलाची. पुष्कळ विहिरींची ही नोंदच मिळत नाही. मग चालकाला खोली निवडावी लागते ती आवकेच्या आवाजावरून, जुन्या माणसांच्या आठवणीवरून आणि शेजारच्या विहिरीच्या उघड्या भिंतीवरून. यातील शेवटचे साधन सर्वांत विश्वसनीय असूनही सर्वांत कमी वापरले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरा निर्णय दाबमापकाच्या काट्यावर अवलंबून असतो. काटा वाचण्याचे काम यांत्रिक आहे असा समज आढळतो. वस्तुतः सारे शास्त्र त्यातच साठले आहे. समजा, डाट ४० मीटरांवर आहे. बेसाल्टाची घनता २.९ धरली तर त्या खोलीवर वरच्या खडकाचे ओझे चौरस सेंटिमीटरला सुमारे ११.६ किलोग्रॅम होते. दांड्यांतील पाण्याचा स्तंभ स्वतःच ४ किलोग्रॅम दाब देतो, म्हणजे जमिनीवरच्या काट्याने ८ दाखविले की आडवा सांधा उचलला जाण्याच्या सीमेवर येतो. अखंड पाषाण फोडावयाचा तर त्याची ताणशक्ती ओलांडावी लागते आणि ती चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅमच्या आसपास असते. यावरून काट्याची भाषा उलगडते. काटा २०-३०वर जाऊन खाली आला तर खनिजांनी अथवा मातीने बुजलेला जुना सांधा मोकळा झाला असे समजावे. तो १००च्या पुढे जाऊन झटकन पडला तर नवी चीर पडली. ही गोष्ट पाहणाऱ्यांना अधिक भव्य वाटते. पण अखंड खडकातील नवी चीर कोठल्याही साठ्यापर्यंत पोहोचली नाही, तर तिचा उपयोग शून्य. काटा यंत्राच्या मर्यादेपर्यंत चढून तेथेच राहिला तर जागा बदलावी. आणि काटा मुळी चढतच नाही, पाणी मात्र जात राहते, अशा वेळी विहिरीच्या तोंडाशी पाहावे. पाणी वर येत असेल तर डाट गळते आहे. येत नसेल तर सांधा आधीच उघडा आहे आणि दोष खडकाचा नसून साठ्याचा आहे.

पंप बंद केल्यानंतरची पाच मिनिटेही तितकीच बोलकी असतात. दाब लवकर उतरला तर लोटलेले पाणी भेगांच्या मोठ्या जाळ्यात पसरले. दाब रेंगाळला आणि झडप उघडताच बरेच पाणी उलटून बाहेर आले, तर एक बंद कप्पा तेवढा फुगला होता. तेलक्षेत्रात अशा दाब-उताराचे आलेख काढून त्यांवर ग्रंथ लिहिले गेले. विंधन विहिरीच्या बाबतीत हे ज्ञान बहुधा चालकाच्या डोक्यातच राहते. कामाच्या प्रपत्रात 'पूर्वीची आवक' आणि 'नंतरची आवक' एवढे दोन आकडे येतात आणि काट्याने मधल्या वेळात काय सांगितले ते गाडीबरोबरच निघून जाते.

तेलविहिरीत भेग उघडी राहावी म्हणून तिच्यात वाळू भरतात. विंधन विहिरीत सहसा तसे करीत नाहीत. उथळ खोलीवर ओझे कमी, आणि बेसाल्टाच्या चिरेच्या दोन्ही बाजू खडबडीत. त्या किंचित सरकल्या की पुन्हा तंतोतंत बसत नाहीत आणि सुटलेल्या कपच्या आधार देतात. लोटावयाचे पाणी मात्र स्वच्छ हवे. गढूळ पाण्याने भेग बुजते आणि दूषित पाणी खडकात खोलवर घातले तर ते विहिरीत बराच काळ राहते. म्हणून शेवटी गढूळपणा जाईपर्यंत उपसा व ब्लीचिंग पावडर या गोष्टी चुकविता येत नाहीत.

या स्वच्छ पाण्यामुळेच कामाला एक अवघड बाजू येते. जलभंजन पथकाबरोबर पाण्याचा टँकर चालतो. गाडी वाडीत येते ती बहुधा चैत्र-वैशाखात, म्हणजे ज्या दिवसांत बायका हंडे घेऊन मैल मैल चालत असतात तेव्हा. त्यांच्या डोळ्यांदेखत हजारो लिटर पाणी कोरड्या भोकात सोडावयाचे असते. "आधी हंडे भरू द्या, मग काय ते करा," ही मागणी अशा वेळी अन्याय्य म्हणता येत नाही. समंजस चालक थोडे पाणी वाटतो, पण किती वाटावे यालाही सीमा आहे. दाब चढत असताना पाणी संपले तर सारे भंजन वाया जाते आणि टँकर पुन्हा त्या घाटरस्त्याने आणावा लागतो. हा हिशेब कोणत्याही नियमपुस्तकात बसत नाही. तो दरवाडीस नव्याने करावा लागतो.

धोक्याविषयी थोडेच सांगणे पुरे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे नुसत्या पाण्याने भरलेली नळी फुटली तरी दाब लगेच नाहीसा होतो. नळीत हवा अडकली असेल तर मात्र ती स्प्रिंगेसारखी साठवण करते आणि तुटलेले टोक चाबकासारखे फिरते. म्हणून दाब देण्यापूर्वी हवा काढून टाकणे, दाब असताना जोडाला पाना न लावणे आणि विहिरीच्या तोंडावर कोणासही न वाकू देणे हे तीन नियम तेलक्षेत्रात आणि वाडीत सारखेच आहेत. डाट निसटली तर दांड्या वर उसळतात. कुतूहलाने जवळ येणाऱ्या मुलांना दूर ठेवणे हे वाडीतील चालकाचे जादा काम.

यापुढचा प्रश्न यंत्राचा नाही. जलभंजन पाणी निर्माण करीत नाही. ते विहिरीला असलेल्या साठ्याशी जोडते. कधी कधी दाब देताना शेजारच्या विहिरीत पाणी हलते किंवा गढूळ होते. दोन्ही विहिरी एकाच सांध्यावर आहेत याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. अशा ठिकाणी एका विहिरीची वाढलेली आवक ही पुष्कळदा दुसरीची घट असते. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास बंदी केली. २००९च्या अधिनियमाने ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले; त्याचा अंमल २०१४ पासून सुरू झाला. दोन्ही नियमांचा रोख विहिरीचे स्थान व खोली यांवर आहे. जुन्या विहिरीची भेग बाजूला किती पसरली याला त्यांत माप नाही. वाडीची सार्वजनिक विहीर आणि खासगी बागायतीची विहीर एका सांध्यावर आली, तर हे माप घेणारा जागेवरचा एकमेव मनुष्य म्हणजे यंत्रचालक होय. शेजारच्या विहिरीची पातळी कामाआधी व कामानंतर सुतळीने मोजून लिहिणे त्याला कठीण नाही. पण तसे करण्यास त्याला कोणी सांगितले पाहिजे.

आवक मोजण्याच्या वेळेबाबतही असेच आहे. भंजनानंतर लगेच घेतलेल्या मापात आपणच लोटलेले पाणी परत येत असते. काही तास उपसा केल्यावाचून तो आकडा विश्वसनीय नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे मे महिन्यातील 'पूर्वीच्या' आवकेची तुलना पावसानंतरच्या आवकेशी करणे. सप्टेंबरात या भागातील जवळजवळ प्रत्येक विहिरीला पाणी असते. भंजनाची खरी परीक्षा पुढच्या वर्षीच्या त्याच पंधरवड्यात होते. ज्या विहिरीच्या सांध्यातील साठा उतारावरून फाल्गुनातच निथळून जातो, तिच्यात दाब कितीही दिला तरी त्या परीक्षेत ती उतरणार नाही. किंबहुना वाटा रुंद झाल्याने साठा थोडा आधीच संपण्याचा संभव असतो.

अशा ठिकाणी उपाय उलट दिशेचा असतो. विहिरीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पात्रात, आडव्या ओळीत जवळजवळ भोके पाडून त्यांतून दाबाने सिमेंटचे दूध भरावयाचे. त्यामुळे निसटणाऱ्या भेगा बुजतात आणि पाणी विहिरीभोवती अधिक काळ थांबते. भूजल यंत्रणेच्या अपारंपरिक उपायांत या सिमेंटीकरणाचा समावेश आहे. तेलविहिरीच्या सेवेत सिमेंटचा पंप व भंजनाचा पंप ही एकाच घराण्यातील यंत्रे असून त्यांवर काम करणारे हातही पुष्कळदा तेच असतात. सिमेंटीकरणातही काट्याचेच वाचन करावे लागते. येथे मात्र दाब पडू नये, हळूहळू चढत जावा, अशी अपेक्षा असते. दूध फार पातळ झाले तर ते ओढ्याने वाहून जाते, फार घट्ट झाले तर भोकाच्या तोंडाशीच बसते, आणि दाब अधिक झाला तर जी भेग बुजवावयाची तीच उघडते. कामाचा हंगाम अरुंद असतो. ओढा वाहत असताना पात्रात यंत्र उभे करता येत नाही, आणि तो पुरता आटल्यावर भेगांतून पाणी कोठून निसटते ते दिसत नाही. वेल्ह्याच्या पश्चिमेकडील ओढ्यांत ही मधली वेळ काही आठवड्यांपुरतीच मिळते. त्या आठवड्यांत भंजनाची मागणी अजून आलेली नसते, कारण हातपंपाला तेव्हा पाणी असते.